आधी दिवा बॅटरीवर लावून बघा

(सप्टेंबर २०२४ च्या गणेशोत्सवात मंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीनं मला सांगितलं की, "मोटारीविषयी काहीतरी तांत्रिक, पण घरी सगळ्यांना कळेल असं अर्धा तास बोला." मी काही वक्ता नाही. तंत्रनिकेतनातून डिप्लोमा घेतला, रेल्वेत लागलो आणि इटारसीला येऊन इथलाच झालो. मराठीतून भाषण शाळेनंतर आज पहिल्यांदाच करतोय. मध्ये हिंदी शब्द आले तर सांभाळून घ्या. नया यार्डात वीस वर्षं राहिल्यावर तेवढं चालायचंच.

विषय आहे एका केबलचा. मोटारीच्या संगणकाशी लॅपटॉप जोडायची केबल. ती बिघडली, मी ती कशी दुरुस्त केली, आणि त्या भरात मी स्वतः कुठं चुकलो, हे सांगणार आहे. शेवटचा भाग सांगायला जरा जड जाणार आहे, पण खरं म्हणजे त्यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारलं.

आधी थोडी ओळख. आजच्या प्रत्येक मोटारीत इंजिनाचा कारभार पाहणारा एक संगणक असतो. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी केव्हा द्यायची, हे तो ठरवतो, आणि काही बिनसलं तर एक सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. तिथं यंत्र जोडलं की हे क्रमांक वाचता येतात. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ही पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे चारचाकींना तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांच्या गाडीत हे सॉकेट आहेच. आज घरी गेल्यावर हात घालून बघा.

मात्र एक लक्षात ठेवा. सॉकेट सगळीकडे एकाच आकाराचं असलं तरी आतली भाषा एक नसते. प्लॅटफॉर्म एकच, पण रूळ कुठं १६७६ मिलिमीटर ब्रॉडगेज, कुठं १००० मिलिमीटर मीटरगेज, तसा प्रकार. जुन्या गाड्यांत बोलणं सात नंबरच्या पिनेवरच्या एकाच तारेतून चालायचं. तिला के-लाइन म्हणतात. नव्या गाड्यांत ते सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवरच्या तारांच्या जोडीतून चालतं. त्याला कॅन म्हणतात. चार आणि पाच नंबरला अर्थ आणि सोळा नंबरला बॅटरीचा प्लस, हे मात्र सगळीकडे सारखं. माझी गाडी २०११ ची, म्हणजे के-लाइनवाली. केबलही तशीच घेतली होती: एका टोकाला सोळा पिनांचा प्लग, दुसऱ्या टोकाला लॅपटॉपचं यूएसबी, आणि प्लगच्या पोटात एक लहानशी पाटी. तिच्यावरची चिप यूएसबीचं भाषांतर के-लाइनमध्ये करते.

आता हकीकत.

२०२३ चा ऑगस्ट. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नागपूरला झालेलं, आणि तपासणीला परत न्यायचं होतं. तुम्ही म्हणाल, रेल्वेचा माणूस आणि आईला मोटारीनं? तर तिला तेव्हा स्टेशनचा जिना चढवत नव्हता. म्हणून मोटार. आणि नेमका त्याच आठवड्यात गाडीचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला. सपाटीवर ठीक, पण चढावर गाडी हिसके द्यायची. नागपूरच्या वाटेवर बैतूलच्या अलीकडे बरेठा घाट लागतो, तो तुम्हाला माहीत आहे. तिथं मालगाड्यांच्या रांगेत, मागच्या सीटवर आई पाय लांब करून बसलेली, आणि गाडी बंद पडली तर? दिवा कशाचा आहे हे कळल्याशिवाय निघायचं नाही, असं ठरवलं.

केबल तेव्हा माझ्याकडे नव्हती. शेडमधला एक तरुण टेक्निशियन, अमरावतीकडचा मुलगा, आमच्याच लाइनीत राहणारा, पंधरा दिवसांपूर्वी ती घेऊन गेला होता. त्यानं एक जुनी मोटार विकत घेतली होती. मी निरोप पाठवला तसा तो लगेच परत देऊन गेला. "काका, माझ्याकडे मस्त चालली," म्हणाला.

रात्री मी लॅपटॉप घेऊन गाडीत बसलो. केबल लावली, चावी फिरवली, प्रोग्राम उघडला. पडद्यावर संदेश: वाहनाशी संपर्क होत नाही. परत लावली, तेच. लॅपटॉप बंद करून सुरू केला, तेच. तासभर घामाघूम होऊन घरात आलो.

मनात काय आलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. वस्तू माझ्याकडे होती तोवर चालत होती. दुसऱ्याच्या हातात गेली आणि परत आली ती बिघडून. दुसऱ्या दिवशी शेडच्या गेटजवळ तो भेटला. बरोबर चार-पाच जण होते. मी विचारलं, "केबलला काय केलंस?" तो म्हणाला, "काही नाही काका, चालत होती." तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "उसनी वस्तू वापरायलाही अक्कल लागते." तो काही बोलला नाही. "बरं साहेब," एवढंच म्हणाला आणि गेला. त्या दिवसापासून मी त्याचा काका नव्हतो, साहेब झालो. आणि त्या वर्षीच्या मंडपाच्या लायटिंगचं काम त्याच्याकडे होतं, तेही ड्यूटीचं कारण सांगून त्यानं सोडलं.

इकडे मी गाडी घेऊन एका मेकॅनिककडे गेलो आणि सांगितलं, "संगणकाशी संपर्कच होत नाही." तो म्हणाला, "तो फिर कम्प्यूटर ही गया होगा, साहब." पस्तीस हजारांचा अंदाज दिला. त्याला दोष देत नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तो बोलला. सरकारी नोकरीतला इंजिनिअर छातीठोकपणे सांगतोय म्हटल्यावर तो तरी काय करणार?

त्या संध्याकाळी आमचे एक निवृत्त लोको इन्स्पेक्टर घरी आले होते. वय पंचाहत्तर, पण डोकं तल्लख. मी सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि दोनच प्रश्न विचारले.

पहिला: "इंजिन चालतंय ना? मग ज्या संगणकावर ते चालतं तो मेला कसा?"

दुसरा: "टेस्ट लॅम्प आधी बॅटरीवर लावून बघितलास का?"

इथं जे शेडमधले नाहीत त्यांना सांगायला हवं. जुन्या विजेच्या इंजिनांत दोष शोधायला आमच्याकडे एक साधं हत्यार असायचं, टेस्ट लॅम्प. एक दिवा, दोन वायरी. इंजिनाचा कंट्रोल सर्किट ११० व्होल्ट डीसीवर चालतो. ज्या ठिकाणी वीज पोचते का हे पाहायचं तिथं वायर टेकवायची. दिवा लागला तर वीज आहे, नाही लागला तर नाही. पण दिवा लागला नाही याचे अर्थ दोन. एक, तिथं वीज नाही. दुसरा, दिव्याचाच बल्ब गेला आहे. म्हणून पहिल्या दिवशी शिकवलं जातं: कुठंही टेकवण्याआधी दिवा बॅटरीवर, म्हणजे जिथं वीज नक्की आहे तिथं, लावून बघ. काम झाल्यावर परत एकदा बघ. हे मी स्वतः किती नव्या मुलांना शिकवलं असेल! आणि स्वतःच्या गाडीच्या वेळी तेवढंच विसरलो. माझा दिवा लागला नाही आणि मी एकदम दोन निकाल दिले: मुलानं केबल बिघडवली, आणि गाडीचा संगणक गेला. दोन्ही एकाच वेळी खरे असायची गरजही नव्हती, हेही सुचलं नाही.

मग मी वही घेतली आणि रेल्वेच्या पद्धतीनं सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येक गोष्टीची नोंद.

पहिली पायरी, सॉकेट. मल्टिमीटर लावला. सोळा आणि चार या पिनांमध्ये साडेबारा व्होल्ट. म्हणजे सॉकेटला वीज आहे. पुष्कळ गाड्यांत या सॉकेटचा आणि मोबाइल चार्जर लावतो त्या जागेचा फ्यूज एकच असतो. स्वस्त चार्जरनं फ्यूज उडाला की स्कॅनरही मुका होतो. तुमच्याकडे असं झालं तर आधी तो फ्यूज बघा.

दुसरी पायरी, केबल दुसऱ्या गाडीवर. इथं मी पुन्हा फसलो. शेजाऱ्यांची गाडी २०१९ ची होती. तिच्यावर लावली, तोच संदेश. मी वहीत लिहिलं, "केबल खराब." थोड्या वेळानं लक्षात आलं, ती गाडी कॅनवाली. माझी केबल धडधाकट असती तरी तिच्याशी बोलूच शकली नसती. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजवर चढत नाही म्हणून डब्याला दोष देण्यासारखं झालं. ती ओळ खोडली. कॉलनीत माझ्याच मॉडेलची, २०१० ची एक गाडी आहे, तिच्यावर लावली. तिथंही संपर्क नाही. आता मात्र अर्थ निघाला. दोन चालत्या गाड्यांचे संगणक एकाच आठवड्यात जात नाहीत. गाडी सुटली. दोष केबलमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये.

तिसरी पायरी, लॅपटॉप. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर नावाची यादी असते. ती उघडून केबल काढायची आणि लावायची. यादीत एक ओळ जाते आणि येते का ते बघायचं. मुळीच काही आलं नाही तर केबलची यूएसबीकडची बाजू मेली. पिवळं चिन्ह आलं तर ड्रायव्हरचा घोळ. या ड्रायव्हरवरून २०१४ मध्ये जगभर गोंधळ झाला होता. एफटीडीआय या कंपनीच्या चिपच्या नकला बाजारात फार. कंपनीनं असा ड्रायव्हर काढला की नकली चिप सापडली की तिचा ओळख क्रमांक शून्य करून टाकायचा. तो विंडोज अपडेटबरोबर घरोघर पोचला आणि रात्रीतून लोकांच्या केबली निकामी झाल्या. ओरड झाल्यावर तो मागे घेतला. सांगायचा मुद्दा एवढाच की, केबलला हातसुद्धा न लावता ती अपडेटमुळे बंद पडू शकते.

माझ्या यादीत ओळ व्यवस्थित आली. पण तिच्यापुढे लिहिलं होतं कॉम ११. आणि माझा प्रोग्राम जुना. तो फक्त कॉम १ ते ४ एवढेच दरवाजे बघतो. म्हणजे केबल अकराव्या दाराशी उभी आणि प्रोग्राम चौथ्या दारापर्यंत जाऊन परत! हे कसं झालं? ज्या चिपमध्ये स्वतःचा अनुक्रमांक नोंदलेला नसतो, ती लॅपटॉपच्या वेगळ्या भोकात लावली की विंडोज तिला नवीन पाहुणा समजून नवा नंबर देतं. माझ्या नेहमीच्या भोकात मुलीनं तिचा माउस लावला होता. मी न बघता केबल शेजारच्या भोकात खुपसली होती. हा पहिला दोष, आणि तो सर्वस्वी माझा.

नंबर बदलून कॉम ३ केला. त्याच पानावर आणखी एक आकडा असतो, लेटन्सी टायमर. नव्या नोंदणीबरोबर तो मुळावर, म्हणजे १६ वर गेला होता. हा काय प्रकार आहे ते सांगतो.

दोन स्टेशन मास्तर गाडी सोडण्याआधी लाइन क्लिअर घेतात आणि प्रायव्हेट नंबर देतात-घेतात, हे आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असतं. के-लाइनवरही तसंच चालतं. लॅपटॉप आधी अगदी सावकाश, सेकंदाला पाच बिट या चालीनं गाडीच्या संगणकाला हाक मारतो. दहा बिटांची ती हाक पुरी व्हायला दोन सेकंद लागतात. गाडी जागी होते आणि सेकंदाला १०,४०० बिट या वेगानं उत्तर देते. उत्तरात दोन खुणेचे अंक असतात. त्यातला दुसरा उलटा करून लॅपटॉपनं २५ ते ५० मिलीसेकंदांच्या आत परत द्यायचा. दिला तर बोलणी सुरू, नाही तर गाडी गप्प. आता चिपनं आलेलं उत्तर स्वतःजवळच १६ मिलीसेकंद दाबून ठेवलं, तर त्या अरुंद खिडकीतला मोठा वाटा तिथंच गेला. कधी जमतं, कधी चुकतं. म्हणून तो आकडा १ करायचा. केला.

आता प्रोग्रामला केबल दिसली. आनंदानं गाडीकडे धावलो, आणि पुन्हा तेच: वाहनाशी संपर्क होत नाही.

मंडळी, इथं बहुतेक लोक हात टेकतात. एक दोष सापडला, दुरुस्त केला, तरी काम होत नाही. म्हणजे तो दोष नव्हताच, असं वाटायला लागतं आणि माणूस केलेलं परत उलटं करत बसतो. आमच्या ट्रबल शूटिंग डिरेक्टरीचा अनुभव असा की, दोष पुष्कळदा जोडीनं येतात. पहिला काढल्याशिवाय दुसरा दिसत नाही.

चौथी पायरी, खुद्द केबल, गाडीशिवाय. म्हणजे खऱ्या अर्थानं दिवा बॅटरीवर लावणं. घरातल्या यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी घेतली. मध्ये एक अ‍ॅम्पिअरचा फ्यूज टाकून प्लस केबलच्या सोळा नंबरला, मायनस चार नंबरला. के-लाइनवर एकाच तारेतून बोलायचं आणि ऐकायचं असतं. त्यामुळे आपण पाठवलेलं अक्षर आपल्यालाच परत ऐकू यायला हवं. विहिरीत हाक मारली की आपलाच आवाज येतो, तसं. टर्मिनलचा एक साधा प्रोग्राम उघडला आणि अक्षरं टाइप करायला लागलो. पहिल्यांदा काहीच परत येईना. केबल जरा सरळ केली, तर अक्षरं दिसायला लागली! प्लगच्या मानेशी बोट लावून डावीकडे वाकवली, की गायब. उजवीकडे केली, की हजर. सौभाग्यवती मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या मिक्सरची वायर अशीच झाली होती. तेव्हा तुम्ही मला, आपटली असशील, म्हणाला होता."

प्लग उघडला. चार नंबरच्या पिनेकडे जाणारी अर्थची वायर, मानेशी, आवरणाच्या आत तुटलेली होती. आवरण शाबूत, म्हणून बाहेरून काही दिसत नव्हतं. मी ती कापून काढली आणि भिंगाखाली धरली.

इथं पी-वेवाले बंधू बसले आहेत, त्यांना मी काय सांगणार ते कळलं असेल. रूळ तुटला की तुटलेला तोंडवळा बघतात. जो भाग गंजून काळपट पडला आहे तो जुना तडा; जो लखलखीत, दाणेदार दिसतो तो आत्ताचा. रूळ सकाळी गाडीखाली तुटला म्हणून त्या गाडीचा दोष नसतो. तडा आधीपासून वाढत आलेला असतो. माझ्या वायरीत पंधरा-वीस बारीक तारा होत्या. जवळजवळ सगळ्यांची टोकं काळी-हिरवी पडली होती. चमकत होत्या फक्त दोन-तीन. तांबं पंधरा दिवसांत इतकं काळं पडत नाही. हा तडा कित्येक महिन्यांचा होता. आणि तो कशानं पडला, तेही मला ठाऊक होतं. काम झालं की केबल प्लगभोवती घट्ट गुंडाळून हत्यारांच्या पिशवीत कोंबायची माझीच सवय. प्रत्येक वेळी वाक त्याच जागी, मानेशी.

म्हणजे त्या मुलाकडे केबल खरोखरच चालत होती. त्यानं ती सरळ पसरून वापरली असेल. माझ्यापेक्षा नीट वापरली असेल.

पुढचं तांत्रिक थोडक्यात सांगतो. वायर नवी सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली, आणि ओढ सोल्डरवर येऊ नये म्हणून मानेशी केबल टाय बांधला. बॅटरीवर परत दिवा लावून पाहिला, म्हणजे अक्षरं परत येतात का ते वाकवून-वाकवून पाहिलं. मग गाडीला लावली. दोन सेकंदांची हाक, आणि गाडी बोलली. क्रमांक निघाला पी ०३०२: दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये पेट नीट होत नाही. मी दोन आणि तीन नंबरच्या इग्निशन कॉइलची अदलाबदल केली. क्रमांक पुसून गाडी फिरवून आणली, तर आता पी ०३०३. दोष कॉइलबरोबर तीनवर गेला, म्हणजे कॉइलच खराब. नवी कॉइल दीड हजारात बसली. पस्तीस हजार वाचले. आई नागपूरला जाऊन आली, आणि बरेठा घाटात मागच्या सीटवर चक्क झोपली होती.

हे झालं गाडीचं. आता राहिलेलं.

त्याच रात्री ती कापलेली वायर खिशात घालून मी त्या मुलाच्या क्वार्टरवर गेलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण दारात गेल्यावर काही आठवेना. नुसता तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो दिव्याखाली धरला, फिरवून बघितला आणि म्हणाला, "जुना तडा आहे." मी म्हणालो, "हो. माझाच आहे. माझं चुकलं." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आत या ना, काका. चहा टाकतो."

तेव्हापासून मला एक गोष्ट बोचत होती. दोष मी चारचौघांत लावला आणि माफी मागितली एकट्यात, चहाच्या कपावर. हा हिशोब बरोबर नाही. गेटजवळ जे चार-पाच जण होते ते आज इथं बसलेले आहेत. तोही आहे. त्यानं सांगितलं आहे, नाव घेऊ नका, म्हणून घेत नाही. पण बाप्पांसमोर आणि तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो: केबल त्यानं बिघडवली नव्हती, मी बिघडवली होती. आणि ज्याची अक्कल काढली, त्याच्याकडे ती माझ्यापेक्षा जास्त होती.

जाता जाता, ज्यांना घरी हे यंत्र वापरायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी.

एक: यंत्र घेण्याआधी आपली गाडी कोणती भाषा बोलते ते विचारा. केवळ प्लग बसतो म्हणून बोलणी होतीलच असं नाही.

दोन: ब्लूटूथवरची लहान, स्वस्त यंत्रं पुष्कळांकडे आहेत. ईएलएम ३२७ नावाच्या मूळ चिपच्या त्या बहुतेक नकला. काहींवर आवृत्ती १.५ असं लिहिलेलं असतं. मूळ कंपनीनं ती आवृत्ती कधी काढलीच नव्हती, आणि ती कंपनीही २०२२ मध्ये बंद झाली. साधे क्रमांक वाचायला अशी यंत्रं पुष्कळदा पुरतात. पण ती "काही नाही" म्हणाली, म्हणून काही नाही असं धरू नका.

तीन: केबलबरोबर येणाऱ्या सीडीतला प्रोग्राम "आधी अँटिव्हायरस बंद करा" म्हणाला, तर तो प्रोग्राम बंद करा. ज्या लॅपटॉपवर घरचं बँकेचं काम चालतं त्यावर तर मुळीच टाकू नका.

चार: दिसलेला क्रमांक आधी वहीत उतरवा, मग पुसा. पुसल्यावर त्याच्याबरोबर दोष घडला त्या क्षणाची नोंदही जाते. ती गेली की मेकॅनिकलाही अंधारात चाचपडावं लागतं.

आणि या सगळ्यांच्या आधीची गोष्ट तुम्हाला आता पाठ झाली आहे. गाडी असो, इंजिन असो, नाही तर शेजारचा पोरगा असो. कुणावर ठपका ठेवण्याआधी आपल्या हातातला दिवा एकदा बॅटरीवर लावून बघावा. बरेचदा बल्ब आपलाच गेलेला असतो.

आरतीची वेळ झाली आहे, थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!